भाकरी निळी होते, साखर का होत नाही?

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघात आलेले शब्द बहुतेक तसेच ठेवले आहेत.)

कुणी एसटीत असाल, कुणी भांडी घासत ऐकत असाल, कुणी अभ्यासाला बसल्यासारखं दाखवून कानात हेडफोन घातला असेल. सगळ्यांचं स्वागत.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. गाव मराठवाड्यातलं. दिवाळी झाली की आमच्याकडची निम्मी घरं कुलूपबंद होतात, कारण माणसं ऊसतोडीला जातात. मागे राहिलेली लेकरं आजीजवळ नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात आणि शाळेत येतात. हे आधीच सांगून ठेवते, कारण आजचा विषय ऐकायला अगदी साधा आहे. चौथी-पाचवीच्या विज्ञानातला स्टार्च, म्हणजे पुस्तकी भाषेत पिष्टमय पदार्थ, आणि अन्नातली ऊर्जा.

आता तुम्ही म्हणाल, हे तर आम्ही शाळेत केलंय. केलंयच. "भात, भाकरी, बटाटा यांपासून आपल्याला ऊर्जा मिळते." हे वाक्य तुम्ही पाठ केलं, पेपरात लिहिलं, दोन मार्क घेतले. पण ही ऊर्जा असते कशी, भाकरीत ती नेमकी कुठं बसलेली असते, आणि ती आहे हे कळायचं कसं, हे कुणी विचारलं होतं का? वर्गात लेकरं विचारतात. आज मी तुम्हाला त्यांचेच प्रश्न सांगणार आहे.

तपकिरी थेंब, निळा डाग

प्रयोग सगळ्यांना माहीत आहे. पदार्थावर आयोडीनचा थेंब टाकायचा. निळा-काळा रंग आला की स्टार्च आहे. आयोडीन हा पदार्थ १८११ साली फ्रान्समध्ये समुद्री शेवाळाच्या राखेतून सापडला, आणि १८१४ मध्ये स्टार्चबरोबर तो निळा होतो हे नोंदवलं गेलं. म्हणजे दोनशे वर्षांहून जुना प्रयोग आहे हा, आणि आजही तो एका थेंबात होतो.

प्रयोगशाळा नसली तरी चालतं. मेडिकलमध्ये जखमेवर लावायचं तपकिरी पोव्हिडोन आयोडीन मिळतं. त्याचे पाच-सहा थेंब चमचाभर पाण्यात घालून फिकट चहासारखा रंग करायचा. एवढं पुरतं.

फक्त आमच्या वर्गाचा एक नियम आहे. प्रयोगाला ताटातलं अन्न वापरायचं नाही. आयोडीन लावलेला पदार्थ खाता येत नाही, तो टाकूनच द्यावा लागतो. सकाळी नुसता चहा पिऊन आलेल्या लेकरासमोर अख्खी भाकरी रंगवून टाकून द्यायची आणि वर त्यालाच "अन्नाचं महत्त्व" शिकवायचं, हे काही बरं दिसत नाही. म्हणून आम्ही भाताचं एक शीत घेतो. भाकरीचा नखाएवढा तुकडा, बटाट्याची साल, पातेल्याला चिकटलेली पेज. निळं व्हायला एवढंही भरपूर असतं.

मग एकेक वस्तू पुढं येते. भात निळा. भाकरी निळी. बटाटा निळा. कच्चं केळं काळंनिळं, आणि तेच पिवळंधमक पिकलेलं असलं की रंग खूपच फिका, कारण पिकताना त्यातल्या स्टार्चची साखर होत जाते. साबुदाणा तर गडद निळा, कारण साबुदाणा म्हणजे कसावाच्या कंदातून काढलेला जवळजवळ नुसता स्टार्चच. इथं दरवर्षी कुणीतरी हमखास विचारतं, "बाई, भात बी निळा, साबुदाणा बी निळा. मग उपासाला एक चालतो अन् एक का न्हाई चालत?" मी सांगते की हा प्रश्न आयोडीनला विचारायचा नाही, आजीला विचारायचा. बरं, बटाटा आणि कसावा दोन्ही मूळचे दक्षिण अमेरिकेतले. आपल्या उपासाच्या ताटात ते बऱ्याच उशिरा आलेले पाहुणे आहेत.

एका मुलाने विचारलेला प्रश्न मला फार आवडला होता. "मिठात आयोडीन असतंय ना? मग बटाट्यावर मीठ टाकल्यावर तो निळा का होत न्हाई?" बघा किती सरळ विचार आहे. उत्तर असं की मिठात मोकळं आयोडीन नसतं, त्याचं संयुग असतं, आणि तेही अगदी चिमूटभर. भारतात ग्राहकाच्या हातात पडणाऱ्या आयोडीनयुक्त मिठात ते दहा लाख भागांत किमान १५ भाग असायला लागतं. पण पोराचा विचार चुकीचा नव्हता. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने घरच्या घरी करायच्या ज्या तपासण्या दिल्या आहेत, त्यात हीच एक आहे. कापलेल्या बटाट्यावर मीठ लावायचं, मिनिटभर थांबायचं, वर लिंबाचे दोन थेंब पिळायचे. मीठ आयोडीनयुक्त असेल तर निळसर रंग येतो. पनीरमध्ये स्टार्चची भेसळ आहे का, हेही आयोडीननेच बघतात. तुकडा पाण्यात उकळून, गार करून थेंब टाकायचा. निळं झालं तर दुकानदाराला विचारायचं, हे काय.

साखर हट्टाने तपकिरीच राहते

इथवर सगळं मजेत चालतं. मग मी साखरेच्या पाण्यात थेंब टाकते. निळं होत नाही. तेलात टाकते. निळं होत नाही. वर्ग दोन मिनिटं गप्प. आणि मग ठरलेलं वाक्य येतं. "म्हणजे साखरंत अन् तेलात शक्ती नसती."

या धड्यातली सगळ्यात मोठी गडबड इथं होते, आणि ती मुलांची नाही. पुस्तकात एका पानावर "स्टार्च ऊर्जा देतो" आणि शेजारच्या पानावर "स्टार्च निळा होतो" असं आलं की निळा रंग म्हणजे ऊर्जा, असं डोक्यात बसणारच. बरीच मोठी माणसंसुद्धा तसंच समजतात. पण निळा रंग फक्त स्टार्चची ओळख सांगतो, ऊर्जेचं मोजमाप सांगत नाही. कुणाच्या गळ्यातल्या ओळखपत्रावरून नाव कळतं, पगार कळत नाही, तसं हे.

मग निळा रंग येतो कशामुळे? तर स्टार्च म्हणजे ग्लुकोजची लांबच लांब माळ. शेकडो, हजारो मणी एकाला एक जोडलेले. यातल्या काही माळांना फांद्या फुटलेल्या असतात, आणि काही माळा सरळ असतात पण स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या. त्या स्प्रिंगच्या पोकळीत आयोडीन जाऊन बसतं आणि रंग निळा दिसतो. साखरेत अशी माळच नाही, दोनच मणी आहेत. आयोडीन बसणार कुठं?

हे खरं आहे का, ते बघताही येतं. निळी झालेली पेज गरम करा. रंग उडतो! स्प्रिंग सैल पडते आणि आयोडीन बाहेर येतं. तीच पेज गार होऊ द्या, निळा रंग परत येतो. (फार वेळ उकळू नका, मग आयोडीनच उडून जातं.) हा प्रयोग दाखवला की लेकरं तीनदा, चारदा करायला लावतात. मला वाटतं त्यात जादू कमी आहे आणि पुरावा जास्त आहे, म्हणून तो आवडतो.

माळ तोडायची कात्री

आता खेळ. वीस लेकरं हाताला हात धरून उभी राहतात. प्रत्येक लेकरू म्हणजे ग्लुकोजचा एक मणी. वर्गाचं दार म्हणजे आतड्याची भिंत. दारातून एका वेळी एकच जण बाहेर जाऊ शकतो आणि बाहेर व्हरांडा आहे, म्हणजे रक्त. अख्खी साखळी दारातून जाते का? अडकते. मग एकाला कात्री करायची. तो येतो, हात सोडवतो, आणि सुटलेली लेकरं एकेक करून व्हरांड्यात पळतात.

ही कात्री आपल्या थुंकीत असते. तिचं नाव अमायलेज. तोंडात काम सुरू होतं, जठरातल्या आम्लात ही कात्री बंद पडते, आणि लहान आतड्यात स्वादुपिंडाकडून आलेली तशीच दुसरी कात्री ते काम पुढं नेते.

हे तुम्ही आज रात्री घरी करून बघा. भाकरीचा किंवा पोळीचा कोरडा घास घ्या. भाजी नको, चटणी नको. गिळू नका, मिनिट-दीड मिनिट नुसता चावत राहा. हळूहळू गोडसर लागायला लागतो. ती गोडी भाकरीत आधी नव्हती, ती तुमच्या तोंडात तयार झाली.

वर्गात पुढचा भागही करतो. दोन वाट्यांत कोमट, पातळ पेज घ्यायची. एकीत ज्याने त्याने आपली थुंकी घालून ढवळायचं, दुसरी तशीच ठेवायची. पंधरा-वीस मिनिटांनी दोन्हींत आयोडीन. साधी पेज निळी होते, थुंकीची पेज बहुतेक वेळा तपकिरीच राहते. स्टार्च गेला कुठं? माळ तुटली. आणि म्हणूनच साखर "निळी होत नाही" याचा अर्थ तिच्यात काही नाही असा होत नाही. तिची माळ पहिल्यापासूनच तुटलेली आहे, एवढंच.

एकदा वहीच्या कागदावर थेंब सांडला आणि कागद निळा झाला. वर्गात आरडाओरडा! कागद गुळगुळीत व्हावा, शाई पसरू नये म्हणून बहुतेक कागदांना स्टार्च लावतात, साडीला खळ लावावी तसा. पण त्यातून पुढचा प्रश्न आला की मग कागद खाल्ल्यावर ऊर्जा मिळेल का? गंमत बघा, कागद मुळात सेल्युलोजचा असतो आणि सेल्युलोजसुद्धा ग्लुकोजचीच माळ आहे. फक्त मणी जोडायची पद्धत वेगळी. खेळात मी एका लेकराला तोंड पुढं करून, शेजारच्याला पाठ पुढं करून उभं करते आणि कात्रीवाल्याला सांगते, आता तुला फक्त समोरून आलेलेच हात सोडवता येतात. तो अडकतो. आपल्या शरीरात या जोडाची कात्री नाही. गाईच्या पोटात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांकडे ती आहे, म्हणून कडब्यावर गाय जगते आणि आपण जगत नाही. ज्वारीच्या एकाच ताटाचं कणीस आपल्याला, कडबा जनावराला. दोन्हीकडं ग्लुकोजच.

एका शेंगदाण्याने पाणी तापतं

मग ऊर्जा दाखवायची कशी? ती जाळून दाखवते. हा प्रयोग मी स्वतः करते, लेकरं लांब बसतात, आणि तुम्हीही घरी एकट्याने करू नका. एक शेंगदाणा सुईला टोचायचा, पेटवायचा, आणि वर छोट्या डब्यात १०० मिली पाणी धरायचं. शेंगदाणा चांगला मिनिटभर जळतो. आधी आणि नंतर तापमापी बघायची. पारा वर चढलेला असतो.

किलोकॅलरी म्हणजे एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला लागणारी उष्णता. पाकिटावर छापलेल्या त्या शब्दाचा अर्थ एवढाच. अर्ध्या ग्रॅमच्या शेंगदाण्यात अडीच किलोकॅलरीहून जास्त ऊर्जा असते. त्या हिशोबाने १०० मिली पाणी २५ अंशांहून जास्त तापायला हवं. प्रत्यक्षात खूपच कमी तापतं, कारण बरीचशी उष्णता डब्याच्या आजूबाजूने हवेत जाते. चूल पेटवलेल्या घरातल्या लेकरांना हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता हिशोब लागतो. एक ग्रॅम स्टार्च किंवा साखर दिली तर शरीराला सुमारे ४ किलोकॅलरी मिळतात. प्रथिनांचंही तेवढंच. एक ग्रॅम तेल-तूप मात्र सुमारे ९. म्हणजे जे तेल आयोडीनने निळं झालंच नाही, त्यात स्टार्चच्या दुपटीहून जास्त ऊर्जा निघाली. निळा रंग आणि ऊर्जा यांची गल्लत इथं कायमची संपते.

मग आम्ही शाळेच्या खिचडीकडे येतो. शालेय पोषण आहाराची केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसतं धान्य नको, शिजवलेलं अन्न द्या. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी नियम आहे ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, त्यासाठी १०० ग्रॅम धान्य. मी विचारते, ४५० किलोकॅलरी म्हणजे किती? लेकरं फळ्यावर मांडतात. बर्फासारखं थंडगार साडेचार लिटर पाणी उकळीपर्यंत आणायला लागते तेवढी. एका ताटात! त्यानंतर खिचडीकडे बघायची त्यांची नजर बदलते. "ही फुकटची खिचडी" असं म्हणणाऱ्या मोठ्या माणसांनीही हा हिशोब एकदा मांडून बघावा.

आणि ही ऊर्जा जाते कुठं? नुसतं बसून असलो तरी हृदय, श्वास, मेंदू चालूच असतात. मोठ्या माणसाचा मेंदू वजनाने शरीराच्या सुमारे २ टक्के, पण आरामात असताना खर्च होणाऱ्या ऊर्जेतला सुमारे २० टक्के वाटा तो एकटा घेतो. लहान मुलाच्या मेंदूचा वाटा याहूनही मोठा असतो. तेव्हा सकाळी अकरा वाजता एखादं लेकरू पाढे विसरत असेल तर ते ढ आहे असं म्हणण्याआधी त्याने काय खाल्लंय हे विचारायला पाहिजे.

"मग माय का दमती?"

आता ज्या प्रश्नासाठी मी आज बोलायला आले, तो. पाचवीतली एक मुलगी. हिशोबात हुशार. सगळं फळ्यावर मांडून झाल्यावर म्हणाली, "बाई, माझी माय कारखान्यावर असली की चार-चार भाकरी खाती. तरी रात्री म्हणती अंगात त्राण न्हाई. मग शक्ती जाती कुठं?"

या प्रश्नाला पाठ्यपुस्तकातलं उत्तर पुरत नाही. मी वर्गाला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते.

पहिली गोष्ट. स्नायूंना मिळालेल्या ऊर्जेतली साधारण २० ते २५ टक्केच कामाला लागते, म्हणजे कोयता चालवायला, मोळी उचलायला. बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणून तर थंडीच्या पहाटेसुद्धा ऊस तोडताना घाम येतो. चार भाकरी जास्त वाटतात, पण दिवसभराच्या त्या कामापुढे त्या जास्त नाहीत.

दुसरी गोष्ट. भाकरी म्हणजे सरपण. पण चुलीत नुसतं सरपण असून भागतं का? फुंकणीने वारा घालावा लागतो. शरीरात ग्लुकोज जाळायला ऑक्सिजन लागतो, तो रक्त पोचवतं, आणि रक्तातल्या ज्या हिमोग्लोबिनवर तो बसून जातो त्याला लोह लागतं. लोह कमी, तर वारा कमी. सरपण आहे, पण चूल धुमसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. निम्म्याहून जास्त. तेव्हा तुझी माय दमते यात ना भाकरीचा दोष, ना मायचा. तिचं रक्त तपासायला हवं. सरकारी दवाखान्यात ते होतं आणि लोहाच्या गोळ्याही मिळतात.

मुलगी म्हणाली, "फोन आला की सांगते." एवढंच. पण मला वाटतं विज्ञानाचा धडा इतका पुढं जायला हवा. पेपरात "ऊर्जा देणारे पदार्थ" यांची यादी लिहिता येणं ठीक आहे. पण घरातलं माणूस का दमतं, हे विचारता येणं त्याहून मोठं आहे.

तुमच्यासाठी

आता तुमच्याकडे वळते. तुमच्या मोबाईलवर रोज कुणीतरी सांगत असतं की भात विष आहे, पोळी सोडा, कार्ब बंद करा. ज्याला मधुमेह आहे, ज्याला डॉक्टरांनी सांगितलंय, त्याने ते जरूर ऐकावं. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याने किती भात खावा हा प्रश्नही योग्यच आहे. पण स्टार्च हा शत्रू नाही. पानाने उन्हात हवा आणि पाण्यापासून साखर केली, पुढच्या दिवसांसाठी ती माळ करून दाण्यात साठवली. ज्वारीने ती स्वतःच्या कोंबासाठी ठेवलेली शिदोरी आहे, आपण ती खातो. किती खायची हे तुमच्या कामावर ठरतं. ऊस तोडणाऱ्या बाईचं ताट आणि लॅपटॉपवर बसलेल्या मुलाचं ताट एकाच रीलवरून ठरवता येत नाही.

घरात चौथी-पाचवीतलं कुणी असेल तर या रविवारी त्याच्याबरोबर बसा. एक शीत, एक बटाट्याची साल, चमचाभर साखरेचं पाणी आणि पातळ केलेलं आयोडीन. हात आणि कपडे सांभाळा, डाग लवकर जात नाही. प्रयोगाची वस्तू तोंडात घालू नका. आणि साखर निळी झाली नाही की लगेच उत्तर सांगू नका. थोडं थांबा. त्या पोराला काय वाटतंय ते आधी ऐका.

त्याने काय विचारलं ते मला कळवा. उत्तर येत असेल तर देईन, नाहीतर आमच्या पाचवीच्या वर्गाला विचारीन. ते सोडत नाहीत. भेटू पुढच्या भागात. जेवून घ्या वेळेवर.